विश्लेषण : लोकलने एका दिवसाची भटकंती… आधी चढाईची वाट पाहावी की परतीची गाडी?

सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या कर्जत आणि कसारा लोकलमध्ये पाठपिशव्या अडकवलेल्यांची गर्दी असते. उपनगरी रेल्वेचे तिकीट काढून दोन-अडीच तासांत सह्याद्रीच्या पायथ्याशी उतरता येते, ही मुंबईकरांची मोठी चैन आहे. पण सकाळी नेणारी गाडी संध्याकाळी हवी तेव्हा मिळेलच, हे गृहीत धरल्याने अनेक बेत फसतात. अंधारात वाट चुकणे, ओढ्यापलीकडे अडकणे याची सुरुवात अनेकदा उशिरा निघण्यापासून होते. म्हणून हा हिशेब उलटा, परतीच्या गाडीपासून मांडायला हवा.

लोकल डोंगरापर्यंत का जाते?

कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक ईशान्येला कसाऱ्याकडे, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. दोन्हीकडे लोकल घाटाच्या तोंडाशी थांबते. कसाऱ्यापुढे थळ घाट, कर्जतपुढे बोरघाट. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये, तर थळ घाटातील १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्ही ठिकाणी चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना तेथे जादा इंजिने जोडावी लागतात. (कर्जतच्या वड्याची कीर्ती याच थांब्यावर वाढली.) भटक्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. रेल्वेला जेथे चढ जड जातो, तेथेच आपली चढाई सुरू होते.

उलटा हिशेब कसा करायचा?

सीएसएमटी ते कल्याण गाड्यांची रेलचेल असते. कल्याणच्या पुढे फाटा फुटला की गाड्या निम्म्या होतात. कसारा मार्गावर एक लोकल चुकली तर तासाभराची खोटी होऊ शकते. कर्जत-खोपोली हा तर एकेरी मार्ग. तेथे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाऊलच टाकू नये.

उदाहरणादाखल आसनगावजवळचा माहुली घेऊ. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल-आदिलशाही फौजांपुढे शरण जावे लागले ते याच गडावर. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पावणेसहाला आसनगाव स्थानकात असायचे असे ठरवू. माहुली गाव ते स्थानक सुमारे पाच किलोमीटर. चालत यायचे तर साडेचारला गाव सोडायला हवे. उतरायला अडीच तास धरले तर दोन वाजता गडावरून निघायचे. गड पाहायला दीड तास, म्हणजे साडेबाराला माथ्यावर. चढायला तीन तास, म्हणजे साडेनऊला पायथ्याशी. स्थानकापासून गावापर्यंत चालत जाणार असाल तर सव्वाआठला आसनगावला उतरलेच पाहिजे. सीएसएमटीहून प्रवास सुमारे दोन तासांचा, तेव्हा सहाच्या आसपासची गाडी हवी. आठच्या लोकलने निघून ‘बघू, होईल’ म्हणणाऱ्यांनी दोन तास आधीच गमावलेले असतात, आणि ते अंधारात उतरताना भरून द्यावे लागतात.

चढाईच्या वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा आजही वापरतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हे सूत्र थंड हवेच्या प्रदेशातले आहे. कोकणातल्या दमट हवेत त्यात किमान निम्मी भर घालावी. माहुलीला तीन किलोमीटरची वाट आणि सुमारे ७०० मीटर चढ धरला तर सूत्राने पावणेदोन तासांच्या आसपास येतात, घामाची भर घातली की पावणेतीन. वरचे तीन तास तेथूनच आले.

रेल्वेने जाण्याचा खरा फायदा कोणता?

स्वस्ताई हा त्यातला लहान भाग. मोटारीने गेलेल्याला मोटारीपाशीच परतावे लागते. लोकलने गेलेल्याला तसे बंधन नाही, एका स्थानकावर उतरून दुसऱ्या स्थानकावर गाडी पकडता येते. भिवपुरी रोडला उतरायचे, धरणाच्या कडेने गारबटच्या पठारावर चढायचे, तेथून माथेरान गाठायचे आणि नेरळला उतरायचे. नकाशावर ही दोन शेजारची स्थानके, मधल्या डोंगरात मात्र सहा-सात तासांचा पूर्ण दिवस आहे. या मार्गाचे आणखी एक बळ म्हणजे उशीर झालाच तर माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून नेरळसाठी टॅक्सी मिळते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सुटकेचा असा रस्ता असलेली वाटच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चढ नकोच असेल तर कर्जतहून कोंदिवडे गाठून कोंडाणे लेणी पाहावीत. राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातील या बौद्ध लेण्यांत लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल दगडात केली आहे. कान्ह याचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेखही तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव असे क्वचितच हाती लागते.

पश्चिम रेल्वेवर २०१३ मध्ये विरार-डहाणू लोकल सुरू झाली आणि सफाळ्याचा तांदुळवाडी किल्ला आवाक्यात आला. ज्येष्ठांना बरोबर न्यायचे तर वसईचा सपाट किल्ला बरा.

रविवारी काय बदलते?

वेळापत्रक आणि मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचा मुख्य मार्गावरील ब्लॉक बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत असतो. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात आणि त्या उशिराने धावतात. ब्लॉक कल्याणच्या पुढे, कर्जत वा कसारा मार्गावर असेल तर गाड्या थेट रद्द होतात. ब्लॉकची घोषणा आदल्या दिवसापर्यंत होते, ती वाचूनच बेत पक्का करावा. शक्य असेल त्यांनी शनिवार निवडावा.

आणि पावसाळ्यात?

गर्दी सर्वाधिक याच काळात, आणि हिशेब सर्वाधिक चुकतो तोही याच काळात. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा वरच्या डोंगरात पाऊस झाला की दुपारी कमरेएवढा होतो. मग गाडीची वेळ साधण्याच्या घाईत लोक पाण्यात उतरतात. अशा वेळी गाडी सोडावी आणि पाणी ओसरायची वाट पाहावी. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत अनेक धबधबे व धरणांवर पावसाळ्यात मनाई आदेश लागू होतात, ते निघण्यापूर्वी तपासावेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. भटक्यांच्या नेहमीच्या वाटेवरची ही वाडी होती.

रेल्वेही पावसापुढे थांबते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. कर्जतहून परतणाऱ्या लोकल याच रुळांवरून येतात. त्यामुळे पावसाळ्यात पिशवीत एका रात्रीपुरते खाणे, कोरडे कपडे आणि विजेरी हवी.

शेवटच्या लोकलआधी आणखी एक वेळ विचारून ठेवायची असते, ती गावातून स्थानकाकडे जाणाऱ्या शेवटच्या टमटमची. ती कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. सकाळी उतरताना चालकालाच विचारावे.