शिंपल्यातला धूप

दिवेलागणीला धूप घालणं हे आमच्या घरी अजून सासूबाईंचंच काम. पितळेचं धुपाटणं, पाणी तापवायच्या चुलीतले दोन निखारे, वर चिमूटभर ऊद, की त्या घरभर फिरून येतात. त्यामुळे गेल्या दिवाळीत नणंदेची लेक कॅलिफोर्नियाहून आली आणि "मामी, हे तिकडचं धुपाटणं!" म्हणत तिने खोका पुढे केला, तेव्हा आम्ही सगळ्याच वाकून बघायला लागलो.

आत ओंजळीएवढा शिंपला. बाहेरून खडबडीत, आतून निळा-हिरवा-गुलाबी, कडेला ओळीने भोकं. नाव ॲबलोनी. आम्ही कोकणातल्या, शिंपल्यांचं आम्हाला काय कौतुक! पण असा नव्हता पाहिला. सोबत पांढऱ्या सेजची दोऱ्याने बांधलेली जुडी. ही वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी काही जण तो पाला धुमसत ठेवतात आणि धूर ओंजळीने डोक्यावर, अंगावर घेतात. आपण आरती घेतो ना, तसंच काहीसं. राख-ठिणगी झेलायला खाली शिंपला. कुणी मातीचं भांडंही घेतात म्हणे.

मी हौसेने त्यात निखाराच ठेवला! सासूबाई ओरडल्या, "अगं, शिंपले भाजून चुना करतात आपल्याकडे, आणि तू त्यात विस्तव काय घालतेस?" तोवर चकाकीसाठी लावलेल्या कसल्याशा लेपाचा घाण वास सुटला. आतला एक पापुद्राही उडाला. "तळाला वाळू घालतात गं मामी," भाची हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लसूण सोलताना मात्र ती जरा गप्प होती. तिच्या ऑफिसात त्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई आहे. तिला हौसेने ही खरेदी दाखवली, तर ती एवढंच म्हणाली, "आमच्यात हे विकत घेत नाहीत."

मग एकेक निघालं. अमेरिकन सरकारने १८८३ साली नियम करून या लोकांचे कितीतरी विधी गुन्हा ठरवले. धर्म पाळायची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या बायकांनी तिथे हा धूर चोरून घेतला असेल. आणि आता तोच पाला डोंगरावरून चोरून उपटून दुकानात येतो. शिंपल्याचंही तेच. पांढरी ॲबलोनी २००१ मध्ये धोक्यात आलेल्या जिवांच्या यादीत गेली. लाल ॲबलोनी काढायला कॅलिफोर्नियात हौशी लोकांनाही २०१८ मध्ये बंदी झाली. आमचा शिंपला कुठला, शेतीतला की समुद्रातला, खोक्यावर काहीच नव्हतं.

खरं सांगू मैत्रिणींनो, आधी मला वाटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! मग आठवलं, एका रिसॉर्टमध्ये टेबलावर धुपाटणं ठेवलं होतं, सिगारेटची राख झटकायला. मी मुकाट्याने ते उचलून पुसून ठेवलं होतं. दिवसभर जेवण गोड लागलं नव्हतं.

जुडी आम्ही पेटवली नाही. भाची ती त्या बाईंना नेऊन देणार म्हणाली, सोबत माझ्या हातचे बेसनाचे लाडू. पापुद्रा उडालेला शिंपला माझ्या खिडकीत आहे.

परवा तिचा फोन आला. "मामी, इकडे धुपाटणं पाठवता येईल का गं?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "विचार तिला, तिकडे निखारे कुठून आणणार?"