माजी विद्यार्थ्यांच्या यादीत ‘पाली’ शोधताना

वसतिगृहाच्या जुन्या प्रवेशनोंदींवरून माजी विद्यार्थ्यांची संगणकीय यादी करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. संमेलनाची निमंत्रणे याच यादीवरून रवाना होणार असल्याने, ज्याची नोंद शोधात येणार नाही त्याच्या दारी निमंत्रणही जाणार नाही. म्हणून हा शोध कसा चालतो ते येथे मांडत आहोत. कार्यालयात रोज एक्सेल हाताळणाऱ्यांनी पुढील परिच्छेद खुशाल ओलांडावा.

मजकूर शोधणारी सूत्रे मुख्यतः दोन : ‘फाइंड’ आणि ‘सर्च’. फाइंड इंग्रजीतील लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळते, सर्च पाळत नाही. आपल्या देवनागरीत तो भेदच नसल्याने मराठी नोंदींना दोन्ही सारखीच. सूत्र ‘होय’ वा ‘नाही’ असे उत्तर देत नाही, तर शोधलेला शब्द कितव्या चिन्हापासून सुरू होतो तो आकडा देते; शब्द नसेल तर त्रुटीचा संदेश येतो. त्यामुळे सर्चभोवती ‘इझनंबर’ हे सूत्र घालावे लागते. आकडा आला की नोंद सापडली, एवढेच ते सांगते.

हा आकडा मात्र मराठी वाचकाला चकवतो. ‘मु. पो. पाली’ यात डोळ्यांना ‘पा’ सातवा दिसतो. संगणक ९ सांगतो. त्याच्या लेखी उकार, ओकार ही स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळेच ‘पालि’ आणि ‘पाली’ हेही त्याला निराळे शब्द वाटतात. ऱ्हस्व वेलांटीने गाव लिहिलेला विद्यार्थी दीर्घ वेलांटीच्या शोधात सापडत नाही. उपाय म्हणून नुसते ‘पाल’ शोधावे, तर दापोलीकडचे पालगड येते, आणि शेऱ्यात ‘पालक’ असलेली प्रत्येक नोंदही! दोन्ही वेलांट्यांचे शोध वेगवेगळे घेऊन त्यांची बेरीज करणे आम्हांला अधिक भरवशाचे वाटते.

शब्द बरोबर सापडला तरी पाली कोणती? एक आपली, रत्नागिरी तालुक्यातील. दुसरी रायगडातील, बल्लाळेश्वराची. शिवाय शेऱ्याच्या रकान्यात ‘पाली विषयात प्रथम’ असे असेल तर ती धम्मग्रंथांची भाषा. म्हणून शोध पत्त्याच्या रकान्यापुरता ठेवावा आणि पिनकोड ताडून पाहावा. आपला ४१५ ने सुरू होतो, रायगडातील पालीचा ४१० ने. मात्र मराठी व इंग्रजी अंकही संगणकाला वेगळे, हे विसरू नये.

खरी अडचण युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या याद्यांची आहे. पडद्यावर तेथे ‘पाली’ स्पष्ट दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हे. तेथे युनिकोडमध्ये टंकलेला शब्द कोणत्याही सूत्राला सापडत नाही. आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात म्हणून मूळ नोंदवहीशी प्रत्येक नाव पडताळावे लागते. त्या कामाला माणसेच हवीत. सुटीत गावी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एखादी दुपार दिली तरी चालेल.