राज्य बदललं, पिस्तुलाच्या परवान्याचं काय?

टेक्सासमधली नोकरी सोडून फ्लोरिडात नवी धरली. घर बदललं, मुलांची शाळा बदलली. पाकिटात टेक्सासचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे आणि त्याची मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे. म्हणजे तो चालणारच, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत अंगावर पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याबद्दल, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कन्सील्ड कॅरी परमिट’बद्दल, जे गैरसमज आहेत त्यातले बरेचसे याच हिशेबातून निघतात. कार्डावरची तारीख परवाना देणाऱ्या राज्यापुरती खरी असते. तो परवाना मानायचा की नाही हे दुसरं राज्य आपल्या मर्जीने ठरवतं, आणि ठरवताना अनेकदा तारखेआधी तुमचा पत्ता बघतं.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 हा केंद्राचा कायदा आहे. परवाना पुण्यात निघो की पणजीत, कायदा एकच. अमेरिकेत सर्वसामान्य नागरिकाला पिस्तूल घेऊन फिरण्यासाठी केंद्राचा परवानाच नाही. पन्नास राज्यं, पन्नास नियम.

‘ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग हेही चालेल.’ चालत नाही. राज्यं एकमेकांचे परवाने मानतात ती करारांनी किंवा स्वतःच्या कायद्याने, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी बाहेरच्या कुणाचाच परवाना मानत नाहीत. याची किंमत ऑक्टोबर 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेला मोजावी लागली. पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना घेऊन ती न्यू जर्सीत गेली. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा तिने आपण होऊनच सांगितलं, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. तिला अटक झाली. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार काही वर्षांची सक्तीची कैद समोर दिसू लागली. शेवटी एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्ती यांनी तिला माफी दिली. तिने काही लपवलं नव्हतं. राज्याच्या सीमेपलीकडे कायदा बदलतो एवढंच तिला ठाऊक नव्हतं. माफी मिळाली म्हणून हे प्रकरण सुखान्त वाटतं, पण गव्हर्नरच्या दयेच्या भरवशावर कुणी घर हलवू नये.

‘नवं राज्य माझ्या राज्याचा परवाना मानतं, मी यादीत पाहिलंय.’ सर्वांत फसवा गैरसमज हाच, कारण तो अर्धा खरा आहे. या याद्या प्रामुख्याने प्रवाशासाठी असतात आणि तुम्ही आता प्रवासी राहिलेला नाहीत. फ्लोरिडा बाहेरचा परवाना मानतं, पण तो धारण करणारा माणूस त्याच राज्याचा रहिवासी असेल तरच. तिथे येऊन स्थायिक झालात, की जुना परवाना 90 दिवस चालतो, पुढे नाही. हे 90 दिवस सामानाचा ट्रक दारात लागल्यापासून मोजत नाहीत. मतदार म्हणून नाव नोंदवलं, अधिवासाचं निवेदन दाखल केलं किंवा घराच्या करसवलतीसाठी अर्ज केला, की तिथपासून घड्याळ सुरू होतं. एरवी ही कामं माणूस कौतुकाने उरकतो, परवान्याचा विचार त्या वेळी डोक्यातही नसतो. कोलोरॅडोतही नव्या रहिवाशाला 90 दिवसच मिळतात.

टेक्सासचा परवाना यामुळे रद्द होतो असं मात्र नाही. टेक्सास बाहेरच्या रहिवाशांनाही परवाना देतं. पत्ता बदलल्याचं 30 दिवसांत कळवावं लागतं. पण टेक्सासच्या दृष्टीने वैध असलेलं तेच कार्ड फ्लोरिडाच्या दृष्टीने एका अनिवासी माणसाचं ठरतं, आणि अनिवासी परवाने फ्लोरिडा मानत नाही.

‘फ्लोरिडात तर आता परवाना लागतच नाही.’ बरोबर आहे. 1 जुलै 2023 पासून तिथे पात्र व्यक्तीला बिनपरवाना पिस्तूल बाळगता येतं. टेक्सासने हे 2021 मध्येच केलं होतं आणि 2024 मध्ये अशा राज्यांची संख्या 29 वर गेली. मग परवान्याचा खटाटोप कशाला? मुलांच्या शाळेमुळे. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत पिस्तूल बाळगण्यास केंद्रीय कायद्याची बंदी आहे. परवानाधारकाला सूट आहे, पण शाळा ज्या राज्यात असेल त्याच राज्याचा परवाना असेल तर. टेक्सासचं कार्ड तिथे उपयोगाचं नाही आणि बिनपरवाना मुभाही नाही. शहरात राहणारा माणूस दिवसातून किती वेळा एखाद्या शाळेच्या 1000 फुटांत येतो, हे नकाशा उघडून पाहावं. मुलांना सोडायला जाणाऱ्याला तर तेवढीही गरज नाही.

‘सुप्रीम कोर्टाने हा हक्क देशभर मान्य केला आहे.’ 23 जून 2022 चा ब्रुएन निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची शतकाहून जुनी अट त्याने रद्द केली. परवाना पद्धत रद्द केली नाही, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानलाच पाहिजे असंही म्हटलं नाही. तशी सक्ती करणारं विधेयक डिसेंबर 2017 मध्ये प्रतिनिधी सभेत मंजूर झालं होतं, ते सिनेटमध्ये अडकलं.

‘सामान हलवताना वाटेतल्या राज्यांची चिंता नको.’ 1986 च्या केंद्रीय कायद्याने वाटेत संरक्षण मिळतं खरं, पण ते वाहतुकीला, बाळगण्याला नव्हे. पिस्तूल रिकामं हवं, ते आणि गोळ्या गाडीत बसल्या जागी हाताशी येता कामा नयेत, म्हणजे डिकीत. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स त्यात धरला जात नाही. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, दोन्ही ठिकाणी ते तुमच्यासाठी कायदेशीर हवं. मुक्काम कॅलिफोर्नियात असेल तर दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन मागेच ठेवा, आणि पोहोचल्यावर 60 दिवसांत शस्त्राची माहिती राज्याला द्या.

आता आपल्या माणसांचं. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र घेता येतं, त्याला वरचं सगळं लागू आहे. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यासाठी मात्र राज्य कुठलंही असो, शस्त्र किंवा गोळ्या जवळ ठेवणं हा सर्वसाधारणपणे केंद्रीय गुन्हा आहे. वैध शिकारी परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. ‘मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल चालवलं, त्यात काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांनाही हे लागू होतं. शिक्षा 15 वर्षांपर्यंत होऊ शकते.

घर हलवण्याआधी नव्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर नव्या रहिवाशांसाठीचा नियम स्वतः वाचा. दुकानदाराचा किंवा व्हॉट्सॲप ग्रुपचा शब्द कोर्टात चालत नाही. आणि नियम नीट समजेपर्यंत पिस्तूल रिकामं करून, कुलूप लावून ठेवा.