हरिणी कुत्र्यावर उलटते, तेव्हा...

खानापूर : हरीण म्हटलं की भित्रा प्राणी, चाहूल लागली की पळणारा, हीच आपली समजूत. पण पिल्लू जवळ असलेली हरिणी नेहमीच पळत नाही. कुत्रा, कोल्हा, प्रसंगी माणूससुद्धा समोर आला तरी ती पाय रोवून उभी राहते. खानापूर, चंदगड, दोडामार्ग या जंगलाला लागून असलेल्या भागात शेतकरी, गुराखी आणि त्यांची कुत्री रोज रानात जातात. म्हणून हरिणीचं हे वागणं आपण समजून घेतलेलं बरं.

आधी लपवणे, मग लढणे

चितळ, सांबर, भेकर यांची मादी सहसा एका वेळी एकच पिल्लू देते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस पाडसाला आईसोबत वेगाने पळता येत नाही. त्यामुळे आई त्याला गवतात किंवा झुडपात बसवून लांब चरायला जाते आणि अधूनमधून फक्त दूध पाजायला येते. पाडसाला चाटून स्वच्छ ठेवते, त्याची विष्ठाही खाऊन टाकते. हेतू हा की वासावरून शिकारी तिथवर पोहोचू नये. चितळाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके झाडाखालच्या ऊन-सावलीत मिसळून जातात. धोका वाटला की पाडस मान जमिनीला टेकवून निपचित पडून राहतं.

एवढं करूनही कुत्र्याने माग काढलाच, तर आई पुढे येते. तिला शिंगं नसतात. चितळ, सांबर आणि भेकरात ती फक्त नराला. तिचं हत्यार म्हणजे पुढचे पाय. आधी ती खूर जमिनीवर आपटते, शेपटी उभारते, मोठ्याने ओरडते. तेवढ्याने भागलं नाही तर पुढच्या खुरांनी तडाखे देते. सांबराची तर आणखी एक रीत आहे. कोळसून म्हणजे रानकुत्र्यांची टोळी मागे लागली की सांबर तळ्यात किंवा नदीच्या पाण्यात शिरतं. त्याचे पाय लांब, तळाला टेकतात. रानकुत्र्यांना मात्र पोहावं लागतं. तिथं उभं राहून सांबर त्यांना थोपवून धरतं.

दुसऱ्याच्या पिल्लासाठीही

उत्तर अमेरिकेत म्यूल डिअर नावाचं मोठ्या कानांचं हरीण आहे. कॅनडातल्या क्रॅनब्रुक गावात जून २०१० मध्ये अशाच एका हरिणीने पाळीव कुत्र्याला खुरांनी तुडवल्याचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. जून हा तिथला पाडसं जन्मण्याचा काळ.

या हरिणी कोयोटी या कोल्ह्यासारख्या शिकाऱ्यावरही चालून जातात, आणि त्याही केवळ आपल्या पाडसासाठी नव्हे. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यावर प्रकाश टाकतो. त्यांनी संकटात सापडलेल्या वेगवेगळ्या प्राण्यांच्या पिल्लांचे आवाज हरिणींना ऐकवले. त्यात मांजर, सील, वटवाघूळ होते, अगदी माणसाचं बाळही होतं. आवाजाची पट्टी पाडसाच्या आवाजाजवळची असली की हरिणी त्या दिशेने धावून येत.

याचा हिशोब सरळ आहे. रडणारं पिल्लू आपलंच आहे का, याची खात्री करत बसायला वेळ नसतो. उगाच धावून गेलं तर नुकसान थोडं. पण न धावता पिल्लू आपलंच निघालं तर सगळंच गेलं.

अर्थात प्रत्येक हरिणी लढतेच असं नाही. शिकारी किती, केवढे, पळायला वाट आहे का, यावर ते ठरतं. कुत्री तीन-चार असतील तर आईचा इलाज चालत नाही. एक तिला गुंतवतं, बाकीची पाडसाकडे वळतात.

आपण काय करायचं?

गवतात एकटं पाडस दिसलं की 'आई सोडून गेली' म्हणून अनेकजण त्याला उचलून घरी आणतात. दया खरी असते, पण आई बहुधा जवळपासच असते आणि माणूस निघून जाण्याची वाट बघत असते. म्हणजे वाचवायला गेलेला माणूसच पाडसाला आईपासून तोडतो. घरी आणल्यावर गाईचं दूध पाजलं तर त्याला जुलाब लागू शकतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरीण घरी ठेवणं हा गुन्हा आहे.

पाडस दिसलं तर हात लावू नका, फोटोसाठी घोळका करू नका, तिथून लांब व्हा. कुत्रं सोबत असेल तर लगेच बांधा. हरिणी चालून येते ती बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच. ती खूर आपटू लागली तर दगड मारू नका, तिच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे या. पाडस जखमी असेल किंवा आई जवळच मरून पडली असेल, तरच वनखात्याला कळवा. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे १९२६ हा क्रमांक चालतो.

जंगलाला राज्याची सीमा कळत नाही. भीमगडच्या रानातलं सांबर उद्या तिळारीच्या बाजूला दिसू शकतं. कुत्रं बांधून ठेवण्याची सवय मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंनी लावून घेता येईल.