इतर हक्काच्या रकान्यात

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागलेले. मुनीम मूठभर दाणे यंत्रात टाकून ओल बघत होता. आकडा बाराच्या वर गेला की त्याचा चेहरा पडायचा आणि त्याच्या मागोमाग शेतकऱ्याचा. पोटलीत निघालेला भाव कानावर आला होता, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही पोत्यांवर बसून काट्याची वाट बघत होतो. पुतण्याच्या अंगात मँचेस्टर सिटीचा फिकट निळा टी-शर्ट. मोबाइलवरची मान वर न करता तो म्हणाला, "काका, इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न रोव्हर्स आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्यांचंय म्हणं?"

म्हणं काय, आहेच. 2010 च्या नोव्हेंबरात व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या राव कुटुंबानं, म्हणजे आपल्या 'वेंकीज'नं, हा क्लब साधारण 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. क्लबवरचं कर्ज वेगळं. डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत सुरू केलेला हा धंदा पुढे पुण्याला आला. रोज अंडी खा असं सांगणारी जाहिरात ज्या समितीची, ती राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी करण्यातही त्यांचाच पुढाकार. सोयाबीनशी तर या धंद्याचं नातं थेट आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून अठरा-एकोणीस किलो तेल निघतं, उरते ती बहुतेक पेंड आणि ती जाते कोंबडीच्या खाद्यात. 2021 च्या ऑगस्टमध्ये कुक्कुट उद्योगाच्या मागणीवरून केंद्रानं 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. दहा हजारांवर गेलेलं सोयाबीन नवा माल येईस्तोवर पाच हजारांच्या आसपास आलं. त्या वर्षी आम्हीही थांबलो होतो, अजून चढेल म्हणून. असो.

पुतण्याला मी जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर सांगतो.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं गाव लोकसंख्येनं आपल्या लातूरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. क्लब मात्र 1875 चा. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापकांतला एक. गाव सुताचं, मागाचं. सूतकताईचं 'स्पिनिंग जेनी' यंत्र काढणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच पंचक्रोशीतला. इथल्या कापडानं आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, तो इतिहास शाळेत शिकलेलो आहोत. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम शेजारच्या डार्वेनला जाऊन राहिले. बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं होतं, त्याच गिरणी कामगार बायकांच्या घोळक्यात उभे असलेले हसरे गांधी, हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो.

पुढे गिरण्या गेल्या. राहिला क्लब.

हे 'राहिला क्लब' नांदेडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझे मामा उस्मानशाही मिलमध्ये होते. निजामाच्या नावाची ती कापड गिरणी, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. कापूस तिथलाच, कापूस संशोधन केंद्रातून निघालेल्या 'नांदेड-44' या वाणानं शहराचं नाव शेताशेतात नेलं. मिल गेल्यावर मामा खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंहजी हॉकी स्पर्धा बघायला जाऊन बसायचे. हॉकी त्यांना फारशी कळत नसे. पण शेजारी मिलमधलीच माणसं बसलेली असायची.

ब्लॅकबर्नचं तेच, फक्त 31 हजार खुर्च्यांचं. तिथं आधीही धनाढ्य मालक होताच. जॅक वॉकर हा पोलादाच्या व्यापारात पैसा केलेला गावचाच माणूस. त्यानं पैसा ओतला, ॲलन शियररला आणलं आणि 1995 मध्ये क्लब प्रीमियर लीग जिंकला. तेव्हा कुणी भांडवलशाहीच्या नावानं बोटं मोडली नाहीत, म्हणून मालकाच्या पैशावर लोकांचा राग असतो हे म्हणणं मला पटत नाही. राग कशाचा, हे वेंकीजच्या गोष्टीतून जास्त नीट कळतं.

मालकांनी आल्या आल्या, महिन्याच्या आत, सॅम अलार्डाइस या मुरलेल्या व्यवस्थापकाला घरी पाठवलं आणि स्टीव्ह कीनला बसवलं. खेळाडूंना कोंबडीवर ताव मारताना दाखवणारी वेंकीजची जाहिरात निघाली. 2011 च्या ऑक्टोबरात हंगाम चालू असताना संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून गेला. 7 मे 2012, सोमवार. क्लबच्या ईवुड पार्क मैदानावर विगानशी सामना, हरलं की खालच्या श्रेणीत. सामना चालू असताना कुणीतरी मैदानात एक कोंबडी सोडली. जिवंत. अंगावर क्लबच्या रंगाचं फडकं. कोंबडी गोंधळून इकडेतिकडे पळते आहे आणि कोट्यवधींचे खेळाडू तिच्याकडे बघत उभे, हे दृश्य अजूनही बघायला मिळतं. सामना 0-1 नं गेला. पुढच्या एका हंगामात व्यवस्थापकाच्या खुर्चीत कायमचे आणि हंगामी धरून पाच जण बसले. 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत उतरला, वर्षभरानं परत वर आला. प्रीमियर लीग काही पुन्हा दिसली नाही.

मालकांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांनी क्लबचं नाव बदललं नाही, निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या सदऱ्याला हात लावला नाही, तोटा वर्षानुवर्षं भरला. कार्डिफच्या मलेशियन मालकानं 2012 मध्ये निळ्या संघाला लाल कपडे घातले होते. 2015 मध्ये लोकांपुढे नमून ते उतरवावे लागले. तसलं काही इथं झालं नाही. तरी 'वेंकीज चालते व्हा' ही घोषणा इतकी वर्षं टिकली. का?

मला वाटतं, कारण आपल्याकडच्या सातबाऱ्यात सापडतं. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, त्याआधी मालक हैदराबादेत आणि कसणारा गावात, अशी किती शेतं होती! मालकाचं नाव कागदावर, पण बांध कुठं फुटतो, विहिरीला पाणी कधी लागतं, हे कुळाला ठाऊक. कायद्यानं संरक्षित कुळाला जागा दिली आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव 'इतर हक्का'त लागू लागलं. चाहता हे फुटबॉलमधलं कूळ आहे. आजोबा, बाप, मुलगा त्याच ओळीत बसून खंड भरत आलेले, तिकिटाच्या रूपानं. त्याला मालकी नको असते. मालक बाहेरगावचा असला तरी त्याचं तितकं काही नसतं. पण वर्षानुवर्षं मालक फिरकतच नाही, पत्राला उत्तर नाही, कारभारी बदलतात आणि आपल्याला पेपरातून कळतं, हे त्याला सोसत नाही. सहकारी कारखाना लिलावात गेलेला ज्यानं पाहिला, त्या सभासदाला मी काय म्हणतो ते कळेल.

2024 च्या फेब्रुवारीत ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेलं पोर, लहानपणापासून याच क्लबच्या तालमीत वाढलेलं. सौदा हिशेबाला चोख होता. सहा महिन्यांत पोरगा इंग्लंडच्या संघात निवडला गेला आणि ब्लॅकबर्नच्या लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं.

जर्मनीनं 1998 पासून '50+1'चा नियम करून मतांचं बहुमत सभासदांच्या हाती ठेवलं, म्हणजे कुळालाच मालक केलं. इंग्लंडनं तिथपर्यंत मजल मारलेली नाही. पण 2025 च्या कायद्यानं स्वतंत्र नियामक आणला आणि बोधचिन्ह किंवा घरच्या सदऱ्याचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं मत घेणं भाग पाडलं. इतर हक्कात नोंद लागली म्हणायची. आपल्याकडे कायदा नाही, तिथं घसा लागतो. 2020 मध्ये गोएंका समूहाच्या एटीके क्लबात विलीन झालेल्या कोलकात्याच्या मोहन बागानचे चाहते 'एटीके काढा' म्हणून तीन वर्षं ओरडत राहिले. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर संजीव गोएंकांनी ती अक्षरं काढत असल्याचं जाहीर केलं. क्लब 1889 चा, ओरडणारेही तितके जुने.

पुण्यात मात्र ओरडायला कूळच रुजलं नाही. ब्लॅकबर्नशी खेळलेला पुणे एफसी 2015 मध्ये मिटला. त्याची अकादमी घेणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा दिलबहार हा संघ असा उचलून कुणी नेऊन दाखवावा! शाहू स्टेडियमच्या बाहेर तरी पडता येईल का, बघा.

पुतण्या ऐकत होता. मी म्हणालो, तुझ्या सिटीवाल्यांनी 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. लीग जिंकली, चषक जिंकला आणि 2025 च्या डिसेंबरात हिस्सा सोडून निघूनही गेले. उद्या तुझं मँचेस्टरच कुणी विकलं तर?

त्यानं टी-शर्टची कॉलर उलटी करून आतली चिठ्ठी दाखवली. "काका, हे गंजगोलाईतून अडीचशेला घेतलंय. डुप्लिकेटय." मग पोतं पाठीवर घ्यायला वाकला, कारण काट्यावर आमचा नंबर आला होता.