इतिहास शिकून डॉक्टर होता येतं? अमेरिकेतलं ‘प्री-मेड’ नेमकं काय असतं

न्यू जर्सीहून मावशीचा फोन येतो. बोलता बोलता कळतं की तिचा मुलगा कॉलेजात इतिहास शिकतोय आणि त्याला डॉक्टर व्हायचंय. इकडे घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. कारण आपल्याला एकच वाट माहीत. बारावीला पीसीबी, मग नीट, मग एमबीबीएस. इतिहासवाला डॉक्टर कसा होणार?

तर होतो. बीएस-एमडीचे मोजके जोडकोर्स सोडले, तर अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. पदवीच्या काळातल्या तयारीला ‘प्री-मेड’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही वेगळी पदवी नसते. पदवी कशातही घ्या, मेडिकल स्कूलने मागितलेले विषय तेवढे झालेले हवेत.

हे विषय साधारण ठरलेले आहेत. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष, प्रॅक्टिकलसकट. जोडीला इंग्रजी लेखन आणि अनेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स. मेडिकलच्या आधी कॉलेजात विज्ञान झालंच पाहिजे, या आग्रहाला 1910 च्या फ्लेक्सनर अहवालाने मोठं बळ दिलं. तेव्हापासून यादीचा गाभा फारसा हललेला नाही.

पण खरी गोची यादीत नाही, क्रमात आहे. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, आणि ऑरगॅनिक झाल्याशिवाय सहसा बायोकेमिस्ट्री मिळत नाही. मेडिकलचा अर्ज तिसरं वर्ष संपताना, उन्हाळ्यात करायचा असतो. त्याच सुमारास एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि तिच्यात बायोकेमिस्ट्री हमखास असते. म्हणजे जनरल केमिस्ट्री पहिल्या वर्षी राहून गेली की सगळी माळ एक वर्ष पुढे सरकते. अर्थात त्यात काही बिघडत नाही, बरेच जण मुद्दाम एक वर्ष थांबून अर्ज करतात. पण ते ठरवून व्हावं, नकळत नको.

दुसरी चूक याच्या उलटी. पहिल्याच सेमिस्टरला बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि कॅल्क्युलस एकदम घ्यायचं. आपल्याकडच्या बारावीच्या सवयीने पालकांना हे ठीकच वाटतं. मात्र एमडीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएमकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातात. ती बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढते. विषय पुन्हा घेऊन चांगला ग्रेड मिळवला तरी जुना पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात. अठराव्या वर्षी केलेली घाई एकविसाव्या वर्षीच्या अर्जात दिसते ती अशी. सुरुवातीला विज्ञानाचे दोन विषय पुरे.

मग पदवी कशात घ्यावी? अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायोलॉजीच्या शाखांतले असतात, कारण त्यात हे विषय आपोआप होतात. मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी दरवर्षी आकडे देते. त्यात मानव्यविद्यांच्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण थोडं जास्तच दिसतं. पण यावरून ‘इतिहास घेतला की सीट पक्की’ असा व्हॉट्सॲपी निष्कर्ष काढू नका. असे अर्जदार मुळात कमी असतात आणि बहुतेक पूर्ण तयारीनिशी आलेले असतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने 1987 पासून एक प्रयोग केला. मानव्यविद्यांच्या काही विद्यार्थ्यांना ऑरगॅनिक, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय प्रवेश दिला. 2010 साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. लायसन्स परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या मुलांचे गुण थोडे कमी होते, पण एकूण कामगिरी इतरांच्या तोडीची होती.

एमकॅटलाही नुसतं विज्ञान पुरत नाही. 2015 पासून तिच्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा भाग आहे. शिवाय उताऱ्यांचा एक भाग असतो, 90 मिनिटांत 53 प्रश्न. उतारे तत्त्वज्ञान, कला, इतिहास असल्या विषयांचे. मावशीच्या मुलाचा हात इथे चालतो.

आता इथून अमेरिकेला जायचा विचार करणाऱ्यांसाठी. पुण्यात किंवा नागपुरात बीएस्सी करून तिथल्या मेडिकल स्कूलला अर्ज करू, हा बेत सहसा फसतो. बहुतेक कॉलेजांना वर सांगितलेले विषय, निदान काही, अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात झालेले लागतात. तिथे जाऊन पदवी घेतली तरी अनेक मेडिकल स्कूल परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीचे पैसे आगाऊ दाखवायला किंवा जमा करायला सांगतात. भारतातले बहुतेक डॉक्टर तिकडे पोचतात ते इथे एमबीबीएस करून, यूएसएमएलई देऊन, थेट रेसिडेन्सीसाठी. त्यामुळे मुलाला ‘प्री-मेड’साठी पाठवायला कर्ज काढण्याआधी दहा-पंधरा मेडिकल स्कूलच्या वेबसाइटवर परदेशी विद्यार्थ्यांचं पान उघडून वाचा. एका संध्याकाळचं काम आहे.