खिशातली कच्ची वही

आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे झाले ते मागांच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर. म्हणून आज बोलायचे आहे ते ग्रंथांविषयी नव्हे, खिशातल्या वहीविषयी.

२००४ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत चहा घेताना एक यंत्रमाग कामगार सहज बोलून गेला, "दादा, दुपारी सूत लई तुटतंय. सकाळी त्याच बीमवर असं होत न्हाई." लक्षात राहील, असे म्हणून आम्ही कप खाली ठेवला. महिन्याभराने कापडातल्या दोषांबद्दल त्याची मजुरी कापली गेली. बोलण्यांच्या वेळी मालकांनी विचारले, "किती वेळा तुटले? कोणत्या वेळी?" आमच्यापाशी आवेश भरपूर होता, आकडा एकही नव्हता. दुपारची ती गोष्ट आठवली, ती जिना उतरल्यावर! कपात कायम राहिली. त्या कामगाराने आम्हाला बोल लावला नाही, हेच जास्त लागले.

जर्मनीत गॉटिंगेन येथे लिख्टेनबर्ग (१७४२–१७९९) नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. इंग्रज व्यापाऱ्यांची कच्ची वही त्यांच्या मनात भरली. व्यापारी दिवसभराचे व्यवहार घडतील तसे तीत उतरवीत. मागाहून ते रोजकीर्दीत आणि शेवटी खतावणीत जात. प्राध्यापकांनी आपले विचारही तसेच उतरवले. आपल्या पेठेला ही रीत नवी नाही. पैशाला आपण वही ठेवतो, विचाराला ठेवीत नाही.

आम्ही तेव्हापासून टिपण जागच्या जागी करतो: तारीख, वेळ, आणि बोलणाऱ्याचेच शब्द. रविवारी त्याची खतावणी; सुताचे एका पानावर, मजुरीचे दुसऱ्या. आणखी एक पथ्य डार्विनकडून घेतले. आपल्या मताला छेद देणारी बाब दिसली की ते ती ताबडतोब लिहीत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी लवकर विसरतात, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. संघटनेच्या माणसाला हे पथ्य फार कडू!

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कामगाराने, सूत तुटेल तेव्हा, भिंतीवर खडूने रेघ ओढायची असे ठरले. संध्याकाळी आम्ही रेघा वहीत घेत असू. बारानंतर त्या दाटत गेल्या. कोरड्या हवेत सुती धागा कमजोर पडतो, तो असा. पण एका मागावर सकाळीही तेवढ्याच रेघा होत्या. तिथे धोटा खरबरीत झाला होता आणि आमच्याच माणसाने तो दाखवला नव्हता. तेही लिहिले, आणि बोलण्यांना तीच वही नेली. दुपारी जमिनीवर पाणी मारण्याची व्यवस्था झाली. आदल्या वर्षीची कपात मात्र परत मिळाली नाही.